डेट्रॉईटच्या पडद्यावरचे ठिपके आणि आठ सिलिंडरच्या गाड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकी 'मसल कार' (मध्यम आकाराच्या गाडीत मोठं, जोरदार इंजिन) आणि त्या काळचा टीव्ही यांच्यावर आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र त्यात ओघात एक विधान आलं आहे, की तेव्हा पडद्यावर ठिपके यायचे ते केंद्रं अशक्त होती म्हणून. डेट्रॉईट परिसरापुरतं तरी हे कारण बरोबर नाही. जुने टीव्ही आणि जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे लोक अशाच समजुतीपायी चांगली वायर आणि चांगली अँटेना भंगारात टाकतात. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

डेट्रॉईटला स्थानिक टीव्ही लवकर आला. चौथ्या चॅनलवरचं डब्ल्यूडब्ल्यूजे १९४७ साली सुरू झालं, दुसऱ्या चॅनलवरचं डब्ल्यूजेबीके आणि सातव्यावरचं डब्ल्यूएक्सवायझेड १९४८ साली. नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरहून नवव्या चॅनलवरचं सीकेएलडब्ल्यू १९५४ पासून दिसू लागलं. चॅनल २ ते ६ वरच्या केंद्रांना १०० किलोवॅटपर्यंत आणि ७ ते १३ वरच्यांना ३१६ किलोवॅटपर्यंत ताकद वापरण्याची मुभा होती. मनोऱ्यापासून दहा-बारा मैलांवरच्या घराला एवढी ताकद कमी पडत नाही.

अशक्त सिग्नलची खूण वेगळी असते. सगळा पडदा सारखा उकळत असतो, ज्याला आपण 'मुंग्या आल्या' म्हणतो. चित्राच्या उजवीकडे दुसरं फिकं चित्र दिसलं तर ती परावर्तनाची सावली. आणि चित्र स्वच्छ असताना मधूनच आडव्या रेषेत तुटक ठिपक्यांची पट्टी उमटून सरकू लागली, तर रस्त्यावरून पेट्रोलची गाडी जात आहे.

वुडवर्ड अव्हेन्यू हा रस्ता डेट्रॉईटच्या नदीकाठावरून निघतो आणि सुमारे २७ मैलांवर पाँटिअ‍ॅक गावी पोचतो. फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम ही गावं त्याच्यावरच आहेत. त्याच पाँटिअ‍ॅकच्या कंपनीने १९६४ सालचं मॉडेल म्हणून जीटीओ बाजारात आणली: मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, ३२५ अश्वशक्ती, आणि तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८. १९६६ साली क्रायस्लरने ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत द्यायला सुरुवात केली, त्याची अश्वशक्ती ४२५ सांगितली जाई. या गाड्या संध्याकाळी वुडवर्डवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पळवल्या जात. मनोरे रस्त्याच्या पश्चिमेला, साउथफील्ड आणि त्याच्या आसपास. त्यामुळे रॉयल ओकमध्ये वुडवर्डच्या पूर्वेला राहणाऱ्या घरांच्या अँटेना पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे बरोबर रस्त्यावरून पलीकडे पाहत असत. लोक टीव्हीसमोर बसत तीच वेळ गाड्या बाहेर पडण्याची.

आता ठिपका येतो कसा ते पाहू. आपल्याकडचे जुने फिटर ज्याला आजही 'डेल्को' म्हणतात तो डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने झटका वाटणारा. हे नाव जनरल मोटर्सच्या डेल्को या ब्रँडवरूनच आलेलं. त्यातले सीबी पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडले की कॉइलमधला करंट तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळतं आणि वीस-पंचवीस हजार व्होल्टचा झटका प्लगपर्यंत जातो. ठिणगी पडते त्या क्षणी प्लगची वायर छोट्या प्रक्षेपकासारखी वागते. तिची फ्रिक्वेन्सी एकच नसते. ती रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे पसरते, आणि खालच्या चॅनलवर, म्हणजे २ आणि ४ वर, तिचा त्रास सर्वांत जास्त. ७ आणि ९ वर तेवढा नाही.

अमेरिकी आणि आपल्या भारतीय पद्धतीत चित्राचं मॉड्युलेशन उलटं असतं: सिग्नल जितका जोरदार, तितकं चित्र काळं. म्हणून ठिणगीचा झटका मुख्यतः काळा ठिपका म्हणून उमटतो. ब्रिटनच्या जुन्या ४०५ ओळींच्या पद्धतीत हे नेमकं उलट होतं, तिथे पांढरे ठिपके यायचे. उलट्या मॉड्युलेशनचा आणखी एक परिणाम असा, की सगळ्यांत जोरदार भाग हा चित्र जागेवर धरणाऱ्या सिंक पल्सचा असतो. ठिणगीचा झटका सेटला सिंक पल्ससारखाच वाटला, की चित्र फाटतं किंवा वर-खाली फिरू लागतं. आवाज एफएम असल्याने बहुतेक स्वच्छ राहतो. चित्र फाटतंय आणि आवाज व्यवस्थित आहे, हे निदान करताना फार उपयोगी पडतं. चांगल्या सेटमध्ये हे झटके कापणारी वेगळी सर्किट असत आणि मागच्या बाजूला त्यांचा पातळीचा नॉब असे. तो जास्त फिरवला तर जोरदार केंद्राचं चित्र स्वतःच वाकडं होतं. म्हणून तो आधी सर्वांत जोरदार केंद्रावर लावायचा आणि मग बाकीच्या केंद्रांवर तपासायचा.

यातलं गणित सोपं आहे आणि पडद्यावर डोळ्यांनी दिसतं. आठ सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला चार ठिणग्या पडतात. गाडी मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या स्लोवर (पाय न दाबता) उभी असेल तर सेकंदाला ६० ठिणग्या. अमेरिकी टीव्ही सेकंदाला ६० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) काढतो, रंगीत असेल तर ५९.९४. म्हणजे प्रत्येक फील्डला एक ठिणगी, आणि ठिपक्यांची पट्टी पडद्यावर एकाच उंचीवर जवळजवळ स्थिर उभी राहते. चालकाने पाय किंचित दाबला की ठिणगी दर वेळी थोडी लवकर पडते आणि पट्टी वर चढू लागते. पाय उचलला की खाली उतरते. १८०० फेऱ्यांना दोन पट्ट्या दिसतात. ३००० ला फील्डला तीन-चार ठिणग्या पडून नुसता गोंधळ दिसतो. शर्यतीची कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलेली गाडी सिग्नलला उभी असेल तर स्लो डगमगतो आणि पट्टी जागच्या जागी वर-खाली थरथरते. खिडकीतून न पाहता बाहेर काय उभं आहे हे यावरून सांगता येतं.

मुंबईच्या वाचकांसाठी हेच गणित वेगळ्या आकड्यांत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेही चौथ्याच चॅनलवर. पण आपला चौथा चॅनल ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झचा, अमेरिकेचा ६६ ते ७२ चा, त्यामुळे तिकडची अँटेना इकडे तशीच चालत नसे. आपली फील्ड सेकंदाला ५०. एका सिलिंडरची टू-स्ट्रोक स्कूटर दर फेऱ्याला एक ठिणगी देते. म्हणजे ३००० फेऱ्यांना बरोबर ५०, आणि पट्टी स्थिर.

हा त्रास उद्योगालाही माहीत होता आणि त्याच्यावर उपाय गाडीतच बसवलेला होता. जनरल मोटर्सच्या गाड्यांतल्या मूळ प्लग वायरवर 'टीव्हीआरएस' ही अक्षरं छापलेली असतात: टेलिव्हिजन-रेडिओ सप्रेशन. त्यांच्यासोबत वायर बनल्याची तिमाही आणि वर्षही असतं. या वायरच्या आत तांबं नसतं, कार्बन मुरवलेल्या धाग्याचा गाभा असतो, आणि त्याचा रोध फुटाला काही हजार ओहम. ठिणगीच्या व्होल्टेजला तेवढा रोध आड येत नाही, पण ठिणगीनंतरची उच्च फ्रिक्वेन्सीची थरथर त्यात मरते. पुष्कळ लोक 'मूळ रूपात' गाडी करताना आत तांब्याची तार असलेली शर्यतीची वायर टाकतात. दिसायला ती जुनी वाटते, पण मूळ ती नव्हे. प्रदर्शनात बारकाईने पाहणारा माणूस वायरवरची छपाई वाचतो.

कार्बन वायरचा एकच मोठा दोष आहे, आणि तो माणसाच्या हाताने होतो. प्लग काढताना रबरी टोपी न धरता वायर ओढली की आतला धागा तुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मग ठिणगी आतल्या फटीवरून उडी मारू लागते, फट जळत जळत वाढते, गाडी चढावर जोर दिल्यावर मिसिंग मारते आणि टीव्हीवरचा त्रास कमी होण्याऐवजी दुपटीने वाढतो. म्हणून टोपी आधी अर्धा वळसा फिरवून सैल करायची आणि मगच टोपीलाच धरून ओढायची. मीटरवर एका वायरचा रोध ३०,००० ओहमच्या वर गेला, किंवा हलवताना काटा उड्या मारू लागला, तर ती वायर गेली. जोडीला प्लगच्या नंबरात 'आर' अक्षर असलेले, आत सुमारे ५,००० ओहमचा रोध असलेले प्लग घ्यावेत. हेमी इंजिनात प्लग व्हॉल्व्ह कव्हरमधून जाणाऱ्या खोल नळ्यांत बसतात. नळीचं सील गळलं की टोप्या तेलात भिजून फुगतात, तेव्हा नवीन वायर टाकण्याआधी सील बदलायचं.

वायर कशा मांडायच्या यालाही नियम आहे. पाँटिअ‍ॅक, शेव्हरोले आणि क्रायस्लरच्या या व्ही-८ इंजिनांचा फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. यात ५ आणि ७ हे डाव्या बाजूचे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायर चिकटून समांतर नेल्या तर पाचव्याच्या झटक्याने सातव्यात अवेळी ठिणगी पडते आणि पिस्टनला मार बसतो. या दोन वायरमध्ये तिसरी वायर घाला, किंवा त्या एकमेकींना ओलांडून न्या. वायर नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून पट्टीने एकत्र बांधणं ही या इंजिनातली सर्वांत महाग पडणारी हौस आहे.

डेल्कोच्या या डिस्ट्रिब्युटरला बाजूला सरकतं पत्र्याचं झाकण असतं. पॉइंटची फट लावायची तर इंजिन चालू ठेवून झाकण वर करायचं, आत १/८ इंची अ‍ॅलन की घालून उजवीकडे फिरवत जायचं. इंजिन मिसिंग करू लागलं की थांबायचं आणि अर्धा फेरा डावीकडे यायचं. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारं) असेल तर ३० अंश, २८ ते ३२ चालेल. मीटर नसताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) नवीन पॉइंटला ०.०१९ इंच, वापरलेल्याला ०.०१६. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा आलेला असतो, त्यामुळे सपाट गेज चुकीचं माप देतं. मीटर मिळवाच. कंडेन्सर साधारण ०.१८ ते ०.२३ मायक्रोफॅरडचा, तो गेला की पॉइंटमध्ये निळी ठिणगी दिसते आणि पॉइंट काही दिवसांत जळतात. पॉइंट वारंवार जळत असतील आणि कंडेन्सर चांगला असेल, तर कॉइलकडे येणारी वायर पाहा. मूळ हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरच्या जुडग्यात) ती रोध असलेली असते आणि चालत्या गाडीत कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळू देत नाही. कोणीतरी नवीन हार्नेस करताना तिथे साधी वायर टाकलेली असते.

रेडिओसाठी बसवायचा ०.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला लावायचा. पॉइंटकडच्या टोकाला लावला तर ठिणगीच मंदावते. बॉनेट हीसुद्धा ढाल आहे, पण ती बॉडीशी चांगली अर्थ असेल तरच. बिजागरांवर रंग चढला की अर्थ तुटतं, म्हणून तांब्याची विणलेली पट्टी लावतात. रंगकाम झाल्यावर ही पट्टी परत लावायला हमखास विसरतात. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, ती ढाल होऊच शकत नाही. म्हणून रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर आणि प्लग वायरवर धातूची झाकणं दिलेली असत. ती शोभेची समजून काढून ठेवू नका.

आता छपरावर जाऊ. साध्या अर्ध्या तरंगाच्या दांडीची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागायचं. दुसरा चॅनल ५७ च्या मध्यावर, म्हणजे २.५ मीटर. चौथा ६९ वर, २.०७ मीटर. सातवा १७७ वर, ८१ सेंटिमीटर. नववा १८९ वर, ७६ सेंटिमीटर. सेटवरच्या 'सशाच्या कानां'चा, म्हणजे दोन काड्यांच्या अँटेनाचा, हिशेब हाच आहे: २ आणि ४ साठी काड्या पूर्ण ओढायच्या, ७ आणि ९ साठी प्रत्येक काडी ४० सेंटिमीटरच्या आसपास आणायची. बहुतेक घरांत काड्या कायम पूर्ण ओढलेल्या असत आणि मग नववं चॅनल नीट येत नाही अशी तक्रार असे. दुसऱ्या चॅनलची लांब दांडी तिप्पट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे सातव्याच्या जवळ, पुन्हा जुळते, पण तिची दिशा फुटते, समोरचं कमी घेते आणि तिरप्या बाजूंचं जास्त. म्हणून जुन्या छपरांवरच्या अँटेनाच्या दांड्या इंग्रजी व्हीसारख्या पुढे वाकवलेल्या दिसतात. त्या वाऱ्याने वाकलेल्या नाहीत, सरळ करू नयेत.

विंडसर दक्षिणेला आणि मनोरे पश्चिमेला, म्हणून रॉयल ओकमधून ९ आणि बाकीची केंद्रं जवळपास काटकोनात येत. त्यासाठी अँटेना फिरवणारी मोटर, रोटर, लागे. त्यात बिघाड होई तो बहुधा हिवाळ्यात ग्रीस गोठून, किंवा फिरत्या भागाजवळ वायरला ढील न ठेवल्यामुळे. तिथे वायरचा एक सैल फेरा हवाच.

अँटेनापासून सेटपर्यंत येणारी चपटी ३०० ओहमची वायर धातूला टेकू द्यायची नाही. खांबापासून काही इंच दूर राहील अशा इन्सुलेटरमधून न्यायची, पत्र्याच्या पन्हळीवर टाकायची नाही, आणि दर फुटाला एक पीळ द्यायचा. पिळामुळे दोन्ही तारांवर बाहेरून येणारा झटका सारखा येतो आणि कटतो. वुडवर्डजवळच्या घरांत एवढ्या एका पिळाने फरक पडतो. पावसात भिजली किंवा उन्हाने तडकली की हीच वायर सिग्नल खाते. खांबाला किमान दहा नंबरची तांब्याची वायर लावून ती आठ फुटी अर्थ रॉडला आणि घराच्या अर्थिंगला जोडायची. हे वीज पडण्याच्या भीतीने करायचं आहे, चित्रासाठी नाही.

सावलीबद्दल एक मोजमाप सांगण्यासारखं आहे. १९ इंची पडद्यावर एक मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे सव्वासात मिलिमीटर, आणि तेवढ्या वेळात लहरी ३०० मीटर जातात. सावली मूळ चित्रापासून १५ मिलिमीटर उजवीकडे असेल तर परावर्तित वाट थेट वाटेपेक्षा सुमारे ६०० मीटर लांब आहे. फूटपट्टी लावून, नकाशा पाहून कोणती इमारत किंवा पाण्याची टाकी हे करते ते बहुतेक वेळा सापडतं. मग अँटेना केंद्राच्या दिशेला नेमकी न धरता, त्या इमारतीकडे तिची 'आंधळी' बाजू येईल अशी थोडी तिरपी धरायची.

अमेरिकेत पूर्ण ताकदीची अ‍ॅनालॉग केंद्रं १२ जून २००९ रोजी बंद झाली, म्हणून ही अँटेना आता निरुपयोगी, असं सांगून ती काढून टाकली जाते. हे चूक आहे. डेट्रॉईटचं 'दोन नंबरचं' डब्ल्यूजेबीके आज प्रत्यक्षात सातव्या चॅनलच्या फ्रिक्वेन्सीवर डिजिटल प्रक्षेपण करतं. त्याला ८१ सेंटिमीटरची दांडी लागते, आणि ती जुन्या छपरावरच्या अँटेनात तयार आहे. खिडकीला चिकटवायच्या चपट्या अँटेना बहुतेक यूएचएफपुरत्या (१४ आणि पुढच्या चॅनलपुरत्या) असतात, त्यांच्यावर नेमकं हेच केंद्र सापडत नाही. आणि ठिणगीचा झटका डिजिटललाही लागतो. आता ठिपके दिसत नाहीत, चित्राचे चौकोन पडतात किंवा ते गोठतं. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५ पासून, २०२० सोडून, दर वर्षी, तेव्हा रस्त्यालगतच्या घरांत चित्र गोठलं तर आधी सेटवर संशय घेऊ नका.

जुना सेटच चालवायचा असेल तर डिजिटल बॉक्सच्या ३ किंवा ४ नंबर चॅनलच्या आउटपुटला ७५ वरून ३०० ओहम करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लावून अँटेनाच्या स्क्रूंना जोडायचा. मात्र त्याआधी दोन गोष्टी. अनेक सेटची चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते, तेव्हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणाऱ्या) आत हात घालायचा नाही. आणि पिक्चर ट्यूबच्या बाजूच्या टोपीखाली काळ्या-पांढऱ्या सेटमध्येही १५ ते १८ हजार व्होल्ट असतात, सेट बंद करून बराच वेळ झाला तरी. हे व्होल्टेज गाडीच्या कॉइलच्या तत्त्वावरच तयार होतं, फक्त इथे करंट सेकंदाला १५,७५० वेळा तुटतो. लांब पेचकसाला चासीशी जोडलेली वायर बांधा, एक हात पाठीमागे ठेवा, पेचकस रबरी टोपीच्या कडेखालून आत सरकवा. चट आवाज येईल. एक मिनिट थांबून पुन्हा टेकवा, कारण ट्यूब उरलेला भार परत गोळा करते.

कळावे,
आपले,
दोन मराठी वाचक, मेट्रो डेट्रॉईट, मिशिगन